भुंगेऱ्यांमधील गुणसूत्ररचना आणि लिंग गुणसूत्रांची उत्क्रांती

भुंगेरे म्हणजे ढालपंखी किंवा कोलिऑप्टेरा गणातील कीटक. या गणातील साडेतीन लाखांहून अधिक जातींचे वर्णन झाले असून प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती भुंगेऱ्यांच्या आहेत. काजवे, ढालकिडे, धान्यातील सोंडकिडे, शेणकिडे आणि नारळावरील गेंडा भुंगा हे सर्व याच गणात मोडतात. भुंगेऱ्यांच्या पेशींतील गुणसूत्रांचा अभ्यास विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून होत आहे. वाय हे गुणसूत्र प्रथम ओळखले गेले ते एका भुंगेऱ्यात. वाय गुणसूत्र काही वंशांत नाहीसे का होते आणि काहींत कोट्यवधी वर्षे का टिकून राहते, या प्रश्नाच्या अभ्यासातही भुंगेऱ्यांना महत्त्वाचे स्थान आहे.

सर्वसाधारण रचना

भुंगेऱ्यांच्या प्रत्येक गुणसूत्रावर सामान्यतः एकच गुणसूत्रबिंदू असतो. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्राला ओढून नेणारे तंतू याच बिंदूला जोडले जातात. ढेकूणवर्गीय कीटक आणि फुलपाखरे यांच्या गुणसूत्रांत मात्र हे तंतू एका बिंदूऐवजी गुणसूत्राच्या लांबीवर अनेक ठिकाणी जोडले जातात. या फरकामुळे भुंगेऱ्यांच्या गुणसूत्राचा तुकडा पडल्यास गुणसूत्रबिंदू नसलेला भाग पुढील विभाजनांत हरवण्याची शक्यता असते.

गुणसूत्रबिंदूच्या आसपास पुनरावृत्त डीएनएचे मोठे पट्टे आढळतात. त्यांत एकच क्रम हजारो वेळा एकापुढे एक आलेला असतो. अशा डीएनएला उपग्रह डीएनए म्हणतात. पिठातील तांबडा भुंगेरा, म्हणजे ट्रायबोलियम कॅस्टेनियम, या जातीत सुमारे ३६० घटकांचा एक क्रम सर्व गुणसूत्रांच्या मध्यभागी विपुल प्रमाणात आढळतो. गुणसूत्रांच्या टोकांवरही लहान क्रमांची पुनरावृत्ती असते. बहुसंख्य कीटकगटांत हा क्रम टीटीएजीजी असा असतो. तांबड्या भुंगेऱ्यात त्याऐवजी टीसीएजीजी हा क्रम आढळतो.

काही जातींत नेहमीच्या संचाखेरीज ‘बी गुणसूत्रे’ नावाची जादा गुणसूत्रे असतात. मक्यातील सोंडकिडा, सायटोफिलस झीमेस, हे त्याचे परिचित उदाहरण आहे. ही गुणसूत्रे जगण्यासाठी आवश्यक नसतात आणि त्यांची संख्या एकाच जातीच्या निरनिराळ्या कीटकांत वेगवेगळी असू शकते.

गुणसूत्रांची संख्या

ज्या जातींची गुणसूत्रे मोजली गेली आहेत त्यांची संख्या ४,००० हून अधिक आहे. एलॅटरिडी कुलातील, म्हणजे उताणे पडल्यास टक असा आवाज करून उसळी घेणाऱ्या भुंगेऱ्यांपैकी, चाल्कोलेपिडियस झोनेटस या जातीच्या नरात केवळ ४ गुणसूत्रे आहेत. भू-भुंगेऱ्यांच्या कॅरॅबिडी कुलातील डिटोमस कॅपिटो या जातीत ही संख्या सुमारे ७० पर्यंत पोचते.

या दोन टोकांच्या दरम्यान एक संख्या वारंवार आढळते, ती म्हणजे २०. भुंगेऱ्यांच्या पॉलिफॅगा या सर्वांत मोठ्या उपगणात कायिक गुणसूत्रांच्या ९ जोड्या आणि लिंग गुणसूत्रांची १ जोडी हा संच इतक्या कुलांत सापडतो की, उपगणाच्या पूर्वजाचा संच असाच असावा असे मानले जाते. अ‍ॅडेफॅगा हा दुसरा मोठा उपगण असून भू-भुंगेरे आणि पाणभुंगेरे त्यात येतात. तेथील चित्र वेगळे आहे. भू-भुंगेऱ्यांच्या अनेक जातींच्या नरांत ३७ गुणसूत्रे असतात, म्हणजे १८ जोड्या आणि एकटे एक्स. या नरांत वाय गुणसूत्र नसते.

गुणसूत्रांची संख्या प्रामुख्याने दोन प्रकारे बदलते. दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेली तर ती घटते आणि एका गुणसूत्राचे दोन झाले तर ती वाढते. दोन्ही वेळा जनुके बहुधा तीच राहतात, पण त्यांची मांडणी बदलते. म्हणून केवळ संख्येवरून दोन जातींचे नाते ठरवता येत नाही.

वाय गुणसूत्राचा शोध

१८९१ मध्ये हेरमान हेंकिंग यांना एका ढेकूणवर्गीय कीटकाच्या शुक्रपेशी तयार होताना जोडीदार नसलेला एक घटक दिसला. त्याचे स्वरूप स्पष्ट नसल्याने त्यांनी त्याला ‘एक्स’ हे नाव दिले. १९०२ मध्ये क्लॅरेन्स मॅक्लंग यांनी अशा गुणसूत्राचा संबंध लिंगनिश्चितीशी असावा असा विचार मांडला. तथापि, लिंग हे आहार किंवा तापमान यांसारख्या बाह्य कारणांनी ठरते असे मत त्या काळी प्रचलित होते.

अमेरिकेतील ब्रिन मॉर महाविद्यालयात संशोधन करणाऱ्या नेटी स्टीव्हन्स (१८६१–१९१२) यांनी १९०५ मध्ये टेनेब्रिओ मोलिटर या भुंगेऱ्याची निरीक्षणे प्रसिद्ध केली. साठवलेल्या धान्यात व पिठात वाढणाऱ्या या भुंगेऱ्याच्या मादीच्या पेशींत २० मोठी गुणसूत्रे होती, तर नराच्या पेशींत १९ मोठी आणि १ अगदी लहान. नराच्या निम्म्या शुक्रपेशींत १० मोठी गुणसूत्रे जात होती आणि उरलेल्या निम्म्यांत ९ मोठी व ते १ लहान. लहान गुणसूत्राच्या शुक्रपेशीने अंडे फलित झाले तर नर जन्मतो आणि दुसऱ्या प्रकारच्या शुक्रपेशीने झाले तर मादी, असा निष्कर्ष यातून निघाला. हे लहान गुणसूत्र म्हणजेच आज वाय या नावाने ओळखले जाणारे गुणसूत्र होय. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनी ढेकूणवर्गीय कीटकांवरील स्वतंत्र कामातून लिंग आणि गुणसूत्रे यांचा संबंध दाखवला. दीर्घकाळ या शोधाचे श्रेय बहुतांशी विल्सन यांना दिले जात असे. आता स्टीव्हन्स यांच्या कार्याची स्वतंत्र नोंद घेतली जाते.

छत्रीसारखी जोडी

शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. या न्यूनीकरण विभाजनात प्रत्येक गुणसूत्र आपल्या जोडीदाराशेजारी येते, दोघे परस्परांत काही तुकड्यांची अदलाबदल करतात आणि मग विरुद्ध दिशांना जातात. अदलाबदलीमुळे जनुकांच्या नव्या जुळण्या तयार होतात. तिचा दुसरा उपयोग यांत्रिक आहे. ज्या ठिकाणी तुकडे बदलले जातात तेथे दोन्ही गुणसूत्रे एकमेकांत अडकलेली राहतात. दोन्ही बाजूंनी तंतू ओढू लागेपर्यंत जोडी सुटत नाही आणि वाटणी अचूक होते.

पॉलिफॅगा उपगणातील बहुसंख्य नरांत एक्स आणि वाय यांच्यात अशी अदलाबदल होत नाही. वाय अतिशय लहान असते आणि एक्सशी त्याचे साम्य जवळजवळ उरलेले नसते. तरीही दोघे एकत्र येतात. मोठे एक्स कमानीसारखे वाकते, लहान वाय त्याच्या खाली थोड्या अंतरावर राहते आणि मधली जागा प्रथिनयुक्त द्रव्याने भरलेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली ही आकृती उघडलेल्या हवाई छत्रीसारखी व तिला लटकलेल्या माणसासारखी दिसते. म्हणून पॅराशूट या शब्दाच्या आद्याक्षरावरून तिला ‘एक्सवायपी’ असे चिन्ह देण्यात आले. ही संज्ञा रूढ करण्यात कॅनडातील पेशीशास्त्रज्ञ स्टॅन्ली स्मिथ यांच्या कार्याचा मोठा वाटा आहे.

मधले द्रव्य चांदीच्या क्षारांनी गडद रंगते. केंद्रकीही तशीच रंगत असल्याने हे द्रव्य केंद्रकीचेच असावे असे पूर्वी मानले जात होते. टेनेब्रिओ मोलिटरसह अनेक जातींत केंद्रकी तयार करणारी जनुके कायिक गुणसूत्रांवर सापडल्यानंतर ही समजूत सर्वत्र लागू पडत नाही, हे स्पष्ट झाले. दोन्ही गुणसूत्रांना योग्य वेळेपर्यंत एकत्र धरून ठेवणे हे या द्रव्याचे कार्य मानले जाते.

अमेरिका खंडातील पिसू-भुंगेऱ्यांच्या काही वंशांत, उदा. ओमोफोइटा आणि अलागोआसा यांत, याहून वेगळी व्यवस्था आहे. त्यांची एक्स आणि वाय ही दोन्ही गुणसूत्रे कायिक गुणसूत्रांपेक्षा कितीतरी मोठी असतात. विभाजनाच्या वेळी ती एकमेकांना स्पर्शही करत नाहीत, तरीही नियमाने विरुद्ध ध्रुवांकडे जातात.

वाय गुणसूत्राचा ऱ्हास आणि नाश

लिंग गुणसूत्रांची जोडी मुळात सर्वसाधारण कायिक जोडीच असते. तिच्यातील एकावर नरत्व ठरवणारे जनुक आले की त्या भागातील अदलाबदल हळूहळू थांबते. अदलाबदल नसलेल्या गुणसूत्रावर साचलेले दोष दूर होणे अवघड असते, त्यामुळे वायवरील जनुके एकामागून एक निकामी होतात. या तर्काने पाहिल्यास प्रत्येक वाय गुणसूत्र कालांतराने नष्टच होणार असे वाटते. भुंगेऱ्यांतील आकडेवारी मात्र हा तर्क अपुरा असल्याचे दाखवते.

हीथ ब्लॅकमन आणि जेफ्री डेमथ यांनी २०१४ मध्ये भुंगेऱ्यांच्या गुणसूत्रसंचांच्या नोंदी त्यांच्या वंशावळीशी ताडून पाहिल्या. अ‍ॅडेफॅगा उपगणात वाय नष्ट होण्याचे प्रमाण पॉलिफॅगा उपगणाच्या मानाने अधिक असल्याचे त्यांना आढळले. त्यांनी मांडलेले स्पष्टीकरण ‘नाजूक वाय गृहीतक’ म्हणून ओळखले जाते.

अ‍ॅडेफॅगामध्ये एक्स व वाय यांची वाटणी तुकड्यांच्या अदलाबदलीवर अवलंबून असते. या दोघांतील समान भाग जसजसा आखूड होतो तसतशी अदलाबदल चुकण्याची शक्यता वाढते. ती चुकली तर दोन्ही गुणसूत्रे एकाच शुक्रपेशीत जातात आणि दुसरी शुक्रपेशी दोन्हींविना राहते. अशा रिकाम्या शुक्रपेशीने फलित झालेल्या अंड्यातून केवळ एक एक्स असलेला जीव निर्माण होतो. तो नर असेल व प्रजननक्षम असेल, तर त्याच्या वंशात वायविरहित व्यवस्था पसरू शकते. पॉलिफॅगामध्ये छत्रीसारख्या जोडीला समान भागाची गरजच नसते. त्यामुळे वाय कितीही लहान झाले तरी त्याची वाटणी बिघडत नाही. म्हणजे वायचे भवितव्य त्यावर किती जनुके उरली यावर जसे अवलंबून असते, तसेच विभाजनात ते कसे धरले जाते यावरही अवलंबून असते.

हा फरक दोन्ही उपगणांच्या सर्व जातींना सारखा लागू होत नाही. भू-भुंगेऱ्यांच्या बेंबिडिओन या वंशातील बहुतेक नरांत २२ कायिक गुणसूत्रांसह एक्स व वाय दोन्ही असतात. उलट काजवे पॉलिफॅगा उपगणातील असूनही त्यांच्या बऱ्याच जातींत वाय नाही. उत्तर अमेरिकेतील फोटिनस पायरॅलिस या काजव्याच्या नरात कायिक गुणसूत्रांच्या ९ जोड्या आणि एकच एक्स असते.

वायविना नर जन्मतो, याचा अर्थ त्या जातींत लिंगनिश्चितीचा संकेत वायवर नसतो. तांबड्या भुंगेऱ्यात ट्रान्सफॉर्मर नावाचे जनुक मादीत कार्यक्षम प्रथिन तयार करते. आई या जनुकाचा संदेश अंड्यातच ठेवते आणि मादी-भ्रूणात ते पुढे स्वतःला चालू ठेवते. नर-भ्रूणात ही साखळी तुटते. प्रयोगात आईमधील हा संदेश दडपल्यास तिची सर्व संतती नर होते.

नवी लिंग गुणसूत्रे

कधी एखादे कायिक गुणसूत्र एक्सला जोडले जाते. त्याचा पूर्वीचा जोडीदार मग केवळ नरांकडून नरांकडे जाऊ लागतो आणि नव्या वायची भूमिका घेतो. अशा जोडीला ‘नव-एक्सवाय’ म्हणतात. तांबड्या भुंगेऱ्यात जुनी छत्रीसारखी जोडी व एकूण २० गुणसूत्रे आहेत. पिठातच आढळणाऱ्या व दिसायला जवळजवळ तशाच असणाऱ्या ट्रायबोलियम कन्फ्यूझम या जातीत नव-एक्सवाय असून एकूण संख्या १८ आहे.

उत्तर अमेरिकेतील पाइनच्या जंगलांची मोठी हानी करणारा डेंड्रोक्टोनस पाँडेरोसी हा साल पोखरणारा भुंगेरा या बाबतीत विशेष अभ्यासला गेला आहे. त्याच्या नरात कायिक गुणसूत्रांच्या ११ जोड्या आणि नव-एक्सवाय आहे. पूर्वजाचे एक्स आणि सर्वांत मोठे कायिक गुणसूत्र यांच्या संमीलनातून ही जोडी निर्माण झाली. अमेरिकेच्या पश्चिमेकडील ग्रेट बेसिन या वाळवंटी प्रदेशाभोवती पसरलेल्या त्याच्या काही समूहांचा संकर केल्यास संकरित नर वंध्य निघतात. या समूहांच्या नव-वाय गुणसूत्रांत स्पष्ट भेद असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. बाह्यतः एकच असलेली जाती लिंग गुणसूत्रांच्या बदलामुळे विभागली जात असण्याची शक्यता त्यातून पुढे आली.

बहुविध लिंग गुणसूत्रे

काही वंशांत लिंग गुणसूत्रांची साधी जोडी राहत नाही. सिसिंडेला या व्याघ्र भुंगेऱ्यांच्या वंशात नराकडे तीन प्रकारची एक्स आणि एक वाय असणे सामान्य आहे. विभाजनाच्या वेळी तिन्ही एक्स एका बाजूला आणि वाय दुसऱ्या बाजूला जाते. ब्लॅप्स या वंशात ही गुंतागुंत टोकाला गेली आहे. ब्लॅप्स पॉलिक्रेस्टा या जातीच्या नरात कायिक गुणसूत्रांच्या ९ जोड्यांखेरीज १२ एक्स आणि ६ वाय गुणसूत्रे आहेत. एकूण ३६ गुणसूत्रांपैकी निम्मी लिंग गुणसूत्रे आहेत.

एक्स गुणसूत्राचे सातत्य

तांबड्या भुंगेऱ्याचा जनुकसंच २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. भुंगेऱ्यांतील तो पहिला होता. त्यानंतर अनेक कुलांतील जातींचे जनुकसंच गुणसूत्रांच्या पातळीपर्यंत जुळवले गेले आणि कोणते जनुक कोणत्या गुणसूत्रावर आहे याची थेट तुलना शक्य झाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात पूर्वजांपासून चालत आलेले जनुकांचे नऊ गट ओळखण्यात आले. नेटी स्टीव्हन्स यांच्या सन्मानार्थ त्यांना ‘स्टीव्हन्स घटक’ असे नाव देण्यात आले. एका गटातील जनुकांचा क्रम प्रत्येक जातीत पुष्कळ बदललेला असतो, पण ती बहुधा एकाच गुणसूत्रावर राहतात.

दूरचे नाते असलेल्या कुलांतही एक्सवर मुख्यतः तीच जनुके सापडतात. वाय झिजले, काही ठिकाणी नष्ट झाले, काही ठिकाणी नवे आले, परंतु मूळचे एक्स एक्सच राहिले. जेथे नवे लिंग गुणसूत्र निर्माण झाले तेथेही बहुधा जुन्या एक्सला नवा भाग जोडला गेला आहे. या संदर्भात भुंगेरे माश्यांहून वेगळे ठरतात, कारण माश्यांच्या गणात एका कुलातील एक्स दुसऱ्या कुलात कायिक गुणसूत्र बनल्याची उदाहरणे ज्ञात आहेत.

मादीत एक्सच्या दोन प्रती आणि नरात एकच असल्याने जनुकांच्या कार्यात असमतोल निर्माण होऊ शकतो. तो भरून काढण्याच्या क्रियेला मात्रा-समायोजन म्हणतात. तांबड्या भुंगेऱ्यावरील २०१० मधील अभ्यासात मादीत एक्सची जनुके प्रमाणाबाहेर कार्यरत असल्याचे म्हटले होते. पुढील अभ्यासांत, प्रजननेंद्रिये वगळता, नर व मादी यांच्यातील एक्सचे कार्य बरेचसे समतोल असल्याचे दिसले.

लिंग गुणसूत्रांविना लिंगनिश्चिती

कॉफीची फळे पोखरणारा हायपोथेनेमस हँपेई हा भुंगेरा भारतातील कॉफीच्या बागांतही उपद्रव करतो. त्याचे नर फलित अंड्यांतूनच जन्मतात, पण त्यांच्या पेशींत वडिलांकडून आलेला गुणसूत्रसंच आकसलेल्या व निष्क्रिय अवस्थेत असतो आणि पुढील पिढीला दिला जात नाही. न्यू कॅलेडोनियात एंडोसल्फान या कीटकनाशकाला प्रतिकार करणाऱ्या भुंगेऱ्यांचा अभ्यास करताना, वडिलांकडून आलेला प्रतिकार मुलग्यांत व्यक्त होत नाही, असे आढळले. प्रतिकारशक्ती किती वेगाने पसरेल याचा अंदाज बांधताना ही बाब विचारात घ्यावी लागते.

ऑटिओऱ्हिंकस वंशातील काही सोंडकिड्यांत नरच नाहीत. द्राक्षे व शोभेच्या रोपांच्या मुळांना इजा करणाऱ्या ऑटिओऱ्हिंकस सल्केटस या जातीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात. सर्व कीटक मादी असून त्यांची अंडी फलित न होताच वाढतात. त्यामुळे नव्या प्रदेशात पोचलेली एकच मादीदेखील पुढील प्रादुर्भावास पुरेशी ठरते.

अभ्यासपद्धती आणि महत्त्व

पारंपरिक पद्धतीत नराचे वृषण क्षारविरल द्रावणात फुगवून काचपट्टीवर दाबतात आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. छत्रीसारखी जोडी ओळखण्यासाठी ही पद्धत आजही उपयोगी आहे. भारतात कुरुक्षेत्र विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञांनी अशा पद्धतींनी शेणकिडे व त्यांच्या जवळच्या भुंगेऱ्यांच्या अनेक जातींची गुणसूत्रे मोजली. विशिष्ट डीएनए क्रमाला चमकणारे रसायन जोडणे आणि संपूर्ण जनुकसंचाचे वाचन करणे या पद्धती नंतर आल्या.

या अभ्यासाचा घरगुती साठवणीतील किडींशीही संबंध आहे. चवळी, मूग इत्यादी कडधान्यांना भोके पाडणाऱ्या कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस या भुंगेऱ्यात नर मादीपेक्षा लहान असतो. त्याचे वाय गुणसूत्र आकाराने छोटे असूनही नराच्या शरीराच्या आकारमानावर मोठा परिणाम करते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. शरीराच्या वाढीशी संबंधित एका जनुकाच्या वायवरील प्रतींची संख्या या फरकाशी निगडित असल्याचेही पुढे आढळले. झिजलेले वाय गुणसूत्र म्हणजे केवळ उरलेला अवशेष नव्हे, याचे हे एक उदाहरण आहे.